लिटमसच्या जोडीला तापमापी

आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी, हे समीकरण नववी-दहावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. उष्मादायी आणि उष्माग्राही बदल मात्र वेगळ्या पाठात येतात. चुनकळीवर पाणी ओतले की भांडे तापते, एवढे सांगून तो मुद्दा आटोपतो. एका पाठात दर्शकाचा रंग आणि दुसऱ्यात उष्णता अशी वाटणी झाल्यामुळे आपल्या हाताशी असलेला एक बोलका पुरावा वाया जातो. उदासिनीकरण शिकवताना तापमानातली वाढ मोजणे हा त्या पाठाचा गाभा मानला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. आयन खरोखर असतात हे विद्यार्थ्याने का मानावे, याचे सबळ कारण शाळेच्या प्रयोगशाळेत या मोजमापातून मिळू शकते.

प्रयोग साधा आहे. एकात एक घातलेल्या दोन कागदी पेल्यांत 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 50 मिलिलीटर द्रावण घ्यावे, त्यात तितक्याच संहतीचे आणि तितकेच सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण ओतावे आणि ढवळत तापमान पाहावे. उष्णता अजिबात निसटली नाही, तर वाढ सुमारे 6.8 अंश सेल्सिअस येते. आता आम्ल नायट्रिक घ्या आणि आम्लारी पोटॅशिअम हायड्रॉक्साइड. दोन्ही पदार्थ बदलले, क्षारही वेगळा झाला, तरी वाढ जवळजवळ तेवढीच. हिशेब केला तर दोन्ही वेळा पाण्याच्या एका मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल उष्णता बाहेर पडलेली दिसते. घटक बदलूनही आकडा हलत नसेल, तर दोन्ही पेल्यांत खरी अभिक्रिया एकच असली पाहिजे: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होणे. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड, नायट्रेट हे आयन आधीही सुटे होते, नंतरही सुटेच राहिले. लिटमस आम्ल संपले एवढेच सांगतो; काय घडले ते तापमापीमुळे कळते.

रसायनशास्त्राचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. अभिक्रियेच्या एकूण उष्णतेचा नियम 1840 मध्ये मांडणाऱ्या हेस यांना असे आढळले होते, की क्षारांची विरल द्रावणे मिसळली आणि अवक्षेप आला नाही, तर उष्णतेत फारसा फरक पडत नाही. पुढे कोपनहेगनचे ज्युलियस थॉमसन यांनी उदासिनीकरणाच्या उष्णतेची चिकाटीने मोजमापे केली. ती एकसारखी का येते याचे समाधानकारक उत्तर 1887 मध्ये अऱ्हेनिअस यांच्या विचरण सिद्धांताने दिले. अपवादही या सिद्धांताला बळच देतात. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या उदासिनीकरणात मोलमागे सुमारे 52 किलोज्यूलच मिळतात, कारण अमोनिया सौम्य आम्लारी आहे. त्याच्या द्रावणात सुटे हायड्रॉक्साइड आयन थोडेच असतात.

यावर पहिला आक्षेप अचूकतेचा असतो. शाळेतल्या साधनांनी 6.8 ऐवजी 6 अंशच आले तर काय करायचे? मुद्दा तुलनेचा आहे. एकाच पेल्यात, एकाच रीतीने केलेल्या दोन प्रयोगांत उष्णतेची गळती सारखीच होते, म्हणून वाढ सारखी येणे हा निष्कर्ष टिकतो. एक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर अमोनियाचा फरक मात्र नीट पकडता येणार नाही. तो तक्त्यातूनच दाखवावा. दुसरा आक्षेप असा, की हे या वयाला जड जाईल. उलट, दोन्ही द्रावणे 50 ऐवजी 25 मिलिलीटर घेऊन पाहा. उष्णता निम्मी होते, पण ती निम्म्याच पाण्यात वाटली जात असल्याने तापमानवाढ तीच राहते. उष्णता आणि तापमान यांतला भेद इतक्या सहज दुसरीकडे क्वचितच उलगडतो. सुरक्षेची काळजी मात्र रास्त आहे. 1 मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड डोळ्यांना घातक असते, म्हणून चष्मा हवाच. निम्म्या संहतीची द्रावणे घेतली तरी सुमारे 3.4 अंशांची वाढ स्पष्ट दिसते. सोडिअम हायड्रॉक्साइड विरघळतानाच द्रावण तापते, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवावे. न थांबता वापरले तर आकडा फसवा येतो.

उरतो तो वेळेचा प्रश्न. दोन मिश्रणांना एक तासिका पुरते, आणि त्या तासिकेत आयन, क्षार, संहती, उष्णता या चारही कल्पना एकत्र येतात. त्यांच्यासाठी नंतर घ्यावी लागणारी उजळणी वाचते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही एवढे करावे: समीकरण पूर्ण करा, या प्रश्नाऐवजी दोन प्रयोगांची तापमाने द्यावीत आणि ती सारखी का, हे विचारावे. परीक्षेत विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे आपण सारे जाणतो. म्हणून या बदलाची सुरुवात आपल्याच शाळेच्या घटक चाचणीपासून करावी, असे आमचे सर्व विज्ञान शिक्षकांना आवाहन आहे.