खाजगी कोणाचं? मस्टर तर सगळ्यांचं!

मैत्रिणींनो, ‘जे खाजगी ते राजकीय’ असं म्हणत आपण चार भिंतींआडची मारहाण चव्हाट्यावर आणली. आज उलटंच चाललं आहे. जे उघडउघड सार्वजनिक आहे, त्यालाच सरकार ‘खाजगी’ म्हणू लागलं आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत काम कोणाला मिळतं, किती मिळतं आणि त्याचे पैसे किती, हे विचारायला जावं तर ‘वैयक्तिक माहिती’ अशी पाटी पुढे केली जाते.

मी बोलते आहे आकाशवाणी आणि दूरदर्शनबद्दल. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. तो निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १९९७ साली प्रसार भारती अस्तित्वात आली. मालमत्ता सगळ्यांची असेल, तर तिथल्या कामाचा हिशेबही सगळ्यांचाच आहे.

तिथे कायम नोकरदार आहेत, तसे नैमित्तिक उद्घोषकही आहेत. नैमित्तिक म्हणजे महिन्याला फार तर सहा ड्युट्या, आणि कायम नोकरीचं कसलंही संरक्षण नाही. यांत बायका किती? वर्षानुवर्षं काम करून कायम न झालेल्या किती? हे आकडे मागितल्याशिवाय हाती येऊ नयेत, हीच मुळात तक्रार आहे. ‘वनिता मंडळा’तून घराघरांतल्या बायकांना हक्क समजावणारा आवाज स्वतः मात्र बिनहक्काचा!

अशा कामात बाईला काढून टाकावं लागतच नाही. पुढच्या तक्त्यात तिचं नाव घालायचं नाही, की झालं. ना नोटीस, ना चौकशी. २०१८ साली मध्य प्रदेशातल्या शहडोल केंद्रावरच्या नऊ हंगामी कर्मचारी स्त्रियांनी एका अधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. त्यानंतर आपलं कामच बंद झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१३ च्या कायद्यानं हंगामी, रोजंदारी स्त्रीलाही कर्मचारीच मानलं आहे. पण तक्रारीआधी तिला किती ड्युट्या होत्या आणि नंतर किती उरल्या, हा कागद हाती नसेल तर सूड घेतला हे ती सिद्ध कशी करणार?

म्हणून मी या तक्त्याला मस्टर म्हणते. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या आपल्या बायकांना मस्टर म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, त्याही मस्टर आणि बिलं गावासमोर वाचण्यासाठी. माहितीचा अधिकार असा मजुरांच्या घामातून आला. २००५ चा कायदा ही कोणा साहेबाची मेहेरबानी नव्हे.

आणि आता त्या कायद्यावरच घाव घातला आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, किंवा विनाकारण खाजगीपणावर घाला घालणारी माहितीच नाकारता येत असे. संसदेला जी नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथे लिहिलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं हे सारं पुसलं. नोव्हेंबर २०२५ पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरतात.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, खाजगीपणाची गरज बायकांनाच जास्त नाही का? आहेच. तक्रारदार स्त्रीचं नाव गुप्त राहिलंच पाहिजे. पण आपण तिचं नाव, पत्ता मागतच नाही. आपण मागतो ते संस्थेचे आकडे. या आकड्यांना अब्रू असलीच, तर ती साहेबांची आहे. आपल्या अब्रूची ढाल करून ती झाकू देऊ नका.

आकडे उघडे झाले की काय होतं, ते ब्रिटनच्या बीबीसीत दिसलं. नव्या सनदेमुळे २०१७ साली तिला दीड लाख पौंडांहून जास्त मिळवणाऱ्यांची यादी छापावी लागली. पहिले सातही पुरुष निघाले! पुढे समीरा अहमद यांनी न्यायाधिकरणात दाद मागितली. त्यांना एका भागाचे ४४० पौंड, तर तशाच कार्यक्रमाच्या पुरुष निवेदकाला ३,००० पौंड मिळत होते. २०२० साली त्या जिंकल्या. दुसऱ्याचा आकडा कळला नसता, तर तुलना कशाशी केली असती?

तेव्हा प्रत्येक गटानं जवळच्या केंद्राकडे एक अर्ज टाकावा. फी दहा रुपये. कारण सांगायची गरज नाही. गेल्या पाच वर्षांत कायम आणि नैमित्तिक स्त्री-पुरुष किती? दरमहा कोणाला किती ड्युट्या दिल्या, ते नावांऐवजी क्रमांक घालून द्या. प्रत्येक कामाचा दर काय? अंतर्गत समिती कधी नेमली, तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या? तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर अपील करा. अपिलात दोन कलमं लिहायला विसरू नका. कलम ४ नुसार कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन संस्थेनं आपणहून जाहीर करायचं असतं. आणि कलम ८(२) नुसार जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ही दोन्ही कलमं अजून शाबूत आहेत. वापरली नाहीत, तर त्यांच्यावरही घाव पडायला वेळ लागणार नाही.