अकोल्याहून तिबिलिसीला गाडी नाही, साहेब

मा. औषध महानियंत्रक, भारत सरकार, यांस,

आधीची पत्रं कुठल्या टेबलांवर झोपली आहेत ते विचारत नाही, टेबलांची नावंही घेत नाही. म्हणून हे छापूनच पाठवतो.

मोठ्या बहिणीच्या शुगरच्या पायाचा कल्चर रिपोर्ट समोर आहे. औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत एकच अक्षर : 'आर'. रेझिस्टंट. अकोल्यात दोन दवाखाने झाले, मग अमरावती, मग गुडघ्याखाली पाय कापला. मी जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. ती विचारते, "काहून रे, तुह्या पुस्तकात माह्या पायाचं औषध नाही का?"

आहे की! १८९६ साली हॅन्किन या शास्त्रज्ञाला गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरताना दिसले. १९१७ मध्ये देरेलने जंतू मारणाऱ्या विषाणूला बॅक्टेरियोफाज, थोडक्यात फाज, म्हटलं. फाजने उपचार करणारी, जॉर्जियातल्या तिबिलिसीची एलियावा संस्था १९२३ ची, शंभरी उलटली. बेल्जियमने २०१८ मध्ये रुग्णापुरता फाज औषधशाळेत तयार करून द्यायची वाट काढली. आणि आपण? मंजूर फाज-औषधं : ०. 'लॅन्सेट'मधल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात देशात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी थेट घेतलेले बळी सुमारे २,९७,०००. ज्यांच्या मरणात त्यांचा हात होता ते १०,४२,५००. फाईल मात्र ठणठणीत असणार.

बंगळूरच्या गंगाजेन कंपनीने फाजच्या प्रथिनापासून पी-१२८ घडवलं. अख्खा विषाणू नको. नुसतं प्रथिनच स्टॅफिलोकोकस जंतूची भिंत कापतं. आपले तज्ज्ञ सांगतील, क्लेब्सिएलासारख्या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे हे अडतं. आणि अमेरिकेतलं असंच प्रथिन-औषध एक्सेबाकेज २०२२ मध्ये चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात थांबलं. ठाऊक आहे. मी जादू मागितलेली नाही. चाचणी मागितली आहे, आणि तीही वऱ्हाडातल्या रुग्णाला गाठता येईल अशा अंतरावर.

नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांत सरकारी रुग्णालयाला जीवघेण्या आजारासाठी नामंजूर औषध आणायची सोय आहे, हे मी वाचलं. रुग्णाच्या जंतूशी जुळवून निवडलेला फाज त्या सोयीत कसा बसवायचा, एवढं कृपा करून एका पानावर लिहून द्या. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल.

बहिणीच्या उरलेल्या पायाच्या टाचेला परवा फोड आला आहे. सावकाश कळवा, असं या वेळी म्हणवत नाही.

एक निवृत्त प्राध्यापक, अमरावती