बियाणे कोणाच्या हाती?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री श्री. शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादनाने सिद्ध झालेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतील ‘कमला’ ही हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेत सांबा मसुरीपासून तयार झाली. तिच्यात परका जनुक ठेवलेला नाही. लोंबीतील दाण्यांची संख्या आवरून धरणारा भाताचाच एक जनुक तेवढा निकामी केला आहे. पीक सुमारे २० दिवस आधी हाती येते, असे शास्त्रज्ञ सांगतात. २० दिवसांचे पाणी वाचणे ही काय थोडी गोष्ट झाली! या संशोधकांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

परंतु ज्या कात्रीने हा जनुक कातरला, त्या ‘क्रिस्पर’ तंत्राची मूळ पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क या कात्रीखाली येता कामा नये. परवान्याच्या अटी सरकारने बी विकण्यापूर्वीच प्रसिद्ध कराव्यात. शिवाय २०२२ मध्ये केंद्राने अशा वाणांना जैवसुरक्षेच्या कडक नियमांतून सूट दिली. मग चाचण्यांचे आकडे तरी लोकांपुढे मांडण्यास कोणती हरकत आहे?

आणि असे बी उद्या खानापूर-बेळगावच्या शिवारात आले, तर त्याच्या अटी येथील शेतकऱ्यास मराठीतच वाचावयास मिळाल्या पाहिजेत. अंगठा याचा आणि वाचणारा दुसराच, हा प्रकार जमिनीच्या उताऱ्यांपासून सीमाभागाने पुष्कळ पाहिला आहे.