आम्हाला मोजा, पण फॉर्म मात्र मागू नका!

मंडळी, आपल्याकडे एक मोठी गंमत आहे. गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या कार्यक्रमाला इथले कोणी काउन्सिलर किंवा खासदार पाहुणे म्हणून आले, की आपल्यातलंच कोणीतरी माईक हातात घेतं आणि ठणकावून सांगतं, "ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत आपल्या लोकांचा वाटा इतके टक्के!" टाळ्यांचा कडकडाट होतो. पाहुणे मान डोलावतात. पुढच्या वर्षी तोच आकडा एखाद्या टक्क्याने वाढलेला असतो. हा आकडा आला कुठून, असं विचारलं तर तुम्ही रंगाचा बेरंग करणारे ठरता.

मी पंचवीसएक वर्षं हॅरो-वेंब्ली भागात लहान धंद्यांच्या हिशेबाची कामं करतो. त्यामुळे टाळ्या वाजवणारे हेच हात न्यूपोर्टहून आलेल्या सरकारी पाकिटाचं काय करतात, तेही मला ठाऊक आहे. पाकीट आधी फ्रीजवर जातं, मग फ्रीजमागे. स्मरणपत्र आलं की माझा फोन वाजतो. "अहो, ते काहीतरी सर्व्हेचं आलंय. सगळीकडे शून्य लिहून द्या ना!"

हे पाकीट असतं ॲन्युअल बिझनेस सर्व्हेचं. या देशात धंदे किती, कोणत्या प्रकारचे, त्यांची उलाढाल किती, खरेदी किती, पगारावर खर्च किती, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी गोदामात माल किती, हे सगळं मुख्यतः या पाहणीतून कळतं. ऑफिस फॉर नॅशनल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे ओएनएस, ही पाहणी करतं. ग्रेट ब्रिटनमधल्या सुमारे ६२ हजार धंद्यांना ती दरवर्षी जाते. उत्तर आयर्लंडचं काम तिथली संस्था वेगळं करते. तिच्यात बँका आणि सरकारी खाती नाहीत, तरीही अर्थव्यवस्थेचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. पूर्वी जाडजूड प्रश्नावली यायची, आता पत्र येतं आणि उत्तरं संगणकावर भरायची असतात. १९०७ साली झालेल्या उत्पादनाच्या पहिल्या गणनेपासून हे घराणं चालत आलेलं आहे. १९४७ च्या स्टॅटिस्टिक्स ऑफ ट्रेड ॲक्टनुसार उत्तर देणं सक्तीचं आहे आणि न दिल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला दंडाची भीती घालायची नाही. मला भांडायचंय ते आपल्या सबबींशी.

पहिली सबब: "ही माहिती करखात्याकडे जाते." नाही हो! वाहतूक उलट्या दिशेने आहे. करखात्याकडची व्हॅट आणि पगारकराची नोंद ओएनएसकडे जाते. तुमची प्रश्नावली कर वसूल करणाऱ्या साहेबाच्या टेबलावर जात नाही. एकेका धंद्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच १९४७ च्या कायद्यात आहे. कोष्टकात एखाद्या चौकटीवरून एकच कंपनी ओळखू येण्यासारखी असेल, तर ती चौकट झाकली जाते.

दुसरी सबब जरा शहाणपणाची आहे. "व्हॅटचे आकडे सरकारकडे आहेतच, मग परत कशाला विचारता?" व्हॅटच्या परताव्यावरून विक्री आणि खरेदीचा एकूण आकडा कळतो. पण त्यातली वीज किती, भाडं किती, एजन्सीकडून आणलेल्या माणसांवर किती, गोदामातला माल वाढला की घटला, हे काही कळत नाही. शिवाय चार-पाच कंपन्यांचा एक गट एकाच व्हॅट क्रमांकावर परतावा भरू शकतो. त्यातली कोणती कापड विकते आणि कोणती जागा भाड्याने देते, हे ओळखणार कसं? उलाढालीतून खरेदी वजा केली आणि मालसाठ्यातला फरक जमेस धरला, की त्या धंद्याने खरोखर किती मूल्य निर्माण केलं त्याचा अंदाज येतो. दहा लाखांचा माल आणून साडेदहा लाखांना विकणारा आणि दोन लाखांच्या पिठातून सहा लाखांचा फराळ करणारी यांच्यात अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मोठं कोण, हे उलाढालीवरून उलटंच दिसेल.

तिसरी सबब आपली लाडकी. "माझ्यासारख्या चिमुरड्या दुकानदाराच्या उत्तराने काय फरक पडतो?" इथे मात्र नमुना-पाहणी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. अडीचशेहून अधिक माणसं असलेल्या मोठ्या कंपन्यांना दरवर्षी विचारतात. लहानांतले थोडेच निवडतात आणि त्यांच्या उत्तराला वजन देतात. समजा, तुमच्यासारख्या पन्नास दुकानांतून एकच निवडलं, तर तुमचं उत्तर पन्नास दुकानांचं उत्तर होतं. टेस्कोचं उत्तर फक्त टेस्कोचं असतं! दहापेक्षा कमी माणसांच्या धंद्याला एकदा विचारून झालं, की पुढे किमान तीन वर्षं सुट्टी देण्याचा नियमही आहे. आणि तुम्ही गप्प बसलात तर तुमची जागा रिकामी राहत नाही. तुमच्यासारख्याच दुसऱ्यांच्या उत्तरांवरून तिथे अंदाजाने आकडा भरला जातो. म्हणजे तुमच्या वतीने भलताच माणूस बोलतो, आणि नंतर आपणच म्हणायचं की आमचं कोणी ऐकत नाही.

शून्य लिहिणारे एक, तर दुसरे वीर आकडे हजार पौंडांत मागितलेले असताना पूर्ण पौंडांत लिहितात. चाळीस हजारांचं दुकान चार कोटींचं होतं! हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की तो पकडायला ओएनएसने संगणकात खास व्यवस्थाच करून ठेवली आहे.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं करून उपयोग काय? २०२३ ची गोष्ट आठवा. जवळजवळ दोन वर्षं आपण वर्तमानपत्रांत वाचत होतो की कोविडनंतर सगळे सावरले, ब्रिटन मात्र जी-सेव्हन देशांत तळाला. २०२१ च्या अखेरीस इथली अर्थव्यवस्था कोविडपूर्व पातळीच्या १.२ टक्के खाली असल्याचा हिशेब होता. १ सप्टेंबर २०२३ ला ओएनएसने जाहीर केलं की खाली नव्हे, ती ०.६ टक्के वर होती! मधल्या काळात कोणी चमत्कार केला नव्हता. सुरुवातीच्या अंदाजांत धंद्यांची विक्री कळते, पण त्यांचा खर्च किती झाला ते जुन्या प्रमाणांवरून धरून चालावं लागतं. साथीच्या वर्षांत ती प्रमाणं कोलमडली होती. वार्षिक पाहण्यांतली खरी उत्तरं हाती आली, तेव्हा खर्चाचा आणि मालसाठ्याचा हिशेब बदलला आणि देशाचं चित्र पालटलं. तोवर बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर ठरवून झाले होते, अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रकं मांडून झाली होती. आपल्या मॉर्गेजचा हप्ता केवळ या एका आकड्यावर ठरला असं मी म्हणणार नाही, पण ठरवणाऱ्यांच्या पुढ्यात नकाशा चुकीचा होता हे खरं. म्हणजे फ्रीजमागच्या पाकिटात जी रकान्यांची कटकट आहे, नेमकी तीच इथे कामाला आली.

अर्थात दोष फक्त आपल्याकडे नाही. सरकारचीही हजेरी घेऊ या.

ज्या यादीतून हे ६२ हजार निवडले जातात, ती बनते व्हॅट आणि पगारकराच्या नोंदींवरून. तिच्यात सुमारे २७ लाख धंदे आहेत. पण सरकारच्याच अंदाजाप्रमाणे २०२४ च्या सुरुवातीला देशात खासगी धंदे होते सुमारे ५५ लाख, आणि त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश धंद्यांत मालकाखेरीज पगारी माणूसच नाही. उरलेले निम्मे कुठे गेले? आपल्या घरोघरी आहेत! डबे करणाऱ्या ताई, दिवाळीचा फराळ पुरवणाऱ्या काकू, शनिवारी तबला शिकवणारे गुरुजी. व्हॅटची मर्यादा एप्रिल २०२४ पासून ९० हजार पौंड आहे. त्याखाली उलाढाल, नोकर कोणी नाही, कंपनी काढलेली नाही, म्हणजे यादीत नाव नाही. पन्नास घरांत रोज गरम पोळ्या पोचवणाऱ्या ताईंना पाहणीचं पाकीट येणारच नाही, त्यांनी कितीही भरायची तयारी दाखवली तरी.

अशा लोकांची संख्या अंदाजाने धरतात. त्यासाठी करखात्याच्या नोंदींबरोबर घरोघरच्या लेबर फोर्स सर्व्हेचा आधार घेतात. आणि त्या सर्व्हेला २०२३ साली उत्तर देणारे उरले होते १७ टक्क्यांच्या आसपास! त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध करणं काही काळ थांबवावं लागलं. फॉर्म टाळणारे आपण एकटेच नाही, एवढाच काय तो दिलासा.

उलट जिथे धंदा नाही तिथे मात्र धंदा मोजला जातो. २०२४ पर्यंत अवघ्या बारा पौंडांत घरबसल्या कंपनी उघडता येत असे. आपल्या किती आयटीवाल्या मुलांनी तशा उघडल्या! हाउन्स्लोच्या फ्लॅटमधली बेडरूम हे नोंदणीकृत कार्यालय, नवरा डायरेक्टर, बायको सेक्रेटरी. काम त्याच बँकेत, त्याच खुर्चीवर. सरकारी कोष्टकात हा झाला एक स्वतंत्र उद्योग, 'माहिती तंत्रज्ञान सल्ला' या सदराखाली. मंत्री भाषणात म्हणणार, पाहा, उद्योजकता कशी फोफावली! मग एप्रिल २०२१ मध्ये खासगी क्षेत्रातल्या कंत्राटदारांसाठी आयआर-३५ चे नियम बदलले. बरेच जण एका रात्रीत पगारपत्रकावर गेले आणि कंपन्या बंद झाल्या. कोष्टकात उद्योग मेले. बँकेतल्या प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा बदलली नव्हती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. कंत्राटदारी करण्यात गैर काही नव्हतं, पण त्या संख्येकडे बघून उद्योगधंद्यांचं धोरण आखणाऱ्यांनी जरा खोलात जायला हवं होतं.

धंद्याचं वर्गीकरण ही आणखी एक करमणूक. कंपनी नोंदवताना एसआयसी कोड आपणच निवडायचा. यादी लांबलचक, वेळ रात्री अकराची. मग सगळे जण ८२९९० टाकून मोकळे होतात, म्हणजे इतरत्र न बसणाऱ्या व्यवसाय-साहाय्यक सेवा. थोडक्यात, 'वगैरे'. माझ्याकडच्या 'वगैरें'मध्ये एक मसाले आयात करतो, एक लग्नाचे मंडप सजवतो आणि एक घरं रंगवतो. ओएनएसची माणसं कोड तपासतात, पाहणीतल्या उत्तरांवरून दुरुस्तही करतात. पण तुम्ही उत्तरच दिलं नाहीत तर बिचारे काय दुरुस्त करणार? आणि २००७ ची ही वर्गवारी कारखान्यांच्या बाबतीत बारकाव्यांची, सेवांच्या बाबतीत ढोबळ. ज्या देशाचं पोट सेवांवर चालतं त्याने हे कधीच सुधारायला हवं होतं.

सरकारने या खात्याची आबाळच केली. २००४ च्या लायन्स अहवालानंतर पैसे वाचवायला कचेरी लंडनहून वेल्समध्ये न्यूपोर्टला नेली, तेव्हा लंडनमधले बहुतेक अनुभवी लोक गेलेच नाहीत. चार्ल्स बीन यांच्या २०१६ च्या अहवालात याची नोंद आहे. २०२५ मध्ये रॉबर्ट डेव्हरू यांच्या अहवालाने आणखी स्पष्ट सांगितलं, की नव्यानव्या प्रकल्पांच्या हौसेपायी मूळ आर्थिक आकडेवारी मागे पडली. त्याच वर्षी चूक सापडल्यामुळे कारखानदारी मालाच्या किमतींचे निर्देशांक प्रसिद्ध करणं काही काळ थांबवलं होतं. ज्यांनी मोजायचं त्यांना मोजायला पुरेसे पैसे द्या, एवढं तरी आपण आपल्या खासदाराला सांगू शकतो. सेल्फी काढून झाल्यावर सांगा हवं तर!

आता व्यासपीठावरच्या त्या टक्क्यांकडे येतो. ॲन्युअल बिझनेस सर्व्हेत मालक कोणत्या वंशाचा, हा प्रश्नच नाही. लहान धंद्यांच्या दुसऱ्या एका सरकारी पाहणीत तो असतो, पण तिच्यातून फार तर वांशिक अल्पसंख्याकांच्या धंद्यांचं प्रमाण निघतं. मराठी माणसाचा वाटा त्यातून निघणं शक्य नाही. निघाल्यासारखा वाटला तर समजावं की कोणीतरी वर्तमानपत्रातल्या दोन बातम्यांची बेरीज केली आहे.

याच लंडनमधून १८९२ साली पार्लमेंटवर निवडून गेलेले दादाभाई नौरोजी आठवतात का? हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये, हा त्यांचा हिशेब. तो त्यांनी भाषणाच्या ओघात फेकला नव्हता. प्रांतोप्रांतीच्या सरकारी अहवालांतून पिकं, भाव, उत्पादन एकेक करून काढलं, बेरजा केल्या आणि इंग्रजांचेच कागद इंग्रजांपुढे ठेवले. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ १९४९ साली महालनोबिसांबरोबर राष्ट्रीय उत्पन्न समितीवर होते. हा वारसा आपला! आणि आपण काय करतो, तर 'सगळे आकडे खोटेच असतात हो' म्हणत चहाचा घोट घेतो. तिकडे भारतातही आता फार कौतुक करावं अशी स्थिती नाही. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मध्ये झाली. सातवीचं काम २०१९ मध्ये सुरू झालं, घरोघर माणसं फिरली, निष्कर्ष काही जाहीर झाले नाहीत.

तेव्हा मंडळाच्या समितीला माझी एक सूचना आहे. आपल्या व्यवसाय-सूचीत आपण नाव, फोन आणि हसरा फोटो छापतो. त्यासोबत तीन प्रश्न विचारा: धंदा नेमका कशाचा, माणसं किती, व्हॅट नोंदणी आहे की नाही. नावानिशी छापू नका, फक्त बेरजा छापा. ज्यांना सरकारी पाकीट आलंय त्यांच्यासाठी रविवारच्या शाळेच्या वेळात, मुलं बाराखडी गिरवत असतात तेव्हा, एक टेबल मांडा. मी बसायला तयार आहे. वर्षाचा ताळेबंद आणि पगारपत्रकं सोबत असतील तर एका बैठकीत फॉर्म भरून होतो. आणि तोवर पाहुण्यांना टक्केवारी ऐकवू नका. त्यांना बटाटेवडे द्या, तेवढे तरी आपण मोजूनच मागवलेले असतात.