समाधानी ग्राहक आणि न पोचलेली तक्रार

अमेरिकेतील ॲपल कंपनीविषयी तिच्या ग्राहकांचे मत काय आहे, असा प्रश्न कोणी उपस्थित केला तर उत्तरासाठी फार शोध घ्यावा लागत नाही. मत उत्तम आहे. १९ मे २००१ रोजी व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया ह्या राज्यांत कंपनीची पहिली दोन दुकाने उघडली. तेव्हापासून मालाला हात लावून पाहण्याची मोकळीक, विक्रीवर दलाली मिळत नसल्यामुळे गिऱ्हाइकाच्या गळ्यात न पडणारा नोकरवर्ग आणि बिघडलेले यंत्र घेऊन येणाऱ्याशी समोरासमोर बोलणारा तंत्रज्ञ, ह्या गोष्टींची वाखाणणी होत आली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने गोल्डमन सॅक्स ह्या बँकेच्या भागीदारीत स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले, तेव्हा त्याच्या वाट्यालाही हीच पसंती आली. जे.डी. पॉवर ह्या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२१ साली मध्यम आकाराच्या कार्डसंस्थांमध्ये ग्राहकांच्या समाधानाच्या निकषावर ह्याच जोडीला पहिला क्रमांक दिला.

नेमक्या त्याच काळात ह्या कार्डाच्या ग्राहकांनी नोंदविलेल्या हजारो तक्रारी कंपनीकडून बँकेकडे पाठविल्याच जात नव्हत्या.

ही दोन विधाने परस्परांना छेद देणारी वाटतात. वस्तुतः तसे नाही. ती दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजून घेणे, हाच ग्राहकांच्या मताविषयीच्या चर्चेचा गाभा आहे.

काय घडले ते आधी पाहावे. न केलेल्या खरेदीची रक्कम बिलात दिसली किंवा परत केलेल्या वस्तूचे पैसे जमा झाले नाहीत, तर कार्डधारकाने आपल्या फोनमधील एक बटन दाबून संदेशाद्वारे आक्षेप नोंदवावा, अशी सोय होती. सोय खरोखरच सुलभ होती. पुढे २०२० मध्ये कंपनीने त्यात एका जादा अर्जाची भर घातली. संदेश पाठवूनही ज्याने हा दुसरा अर्ज भरला नाही, त्याचा आक्षेप बँकेपर्यंत गेला नाही. ग्राहकाच्या समजुतीप्रमाणे त्याने तक्रार केलेली होती. बँकेच्या दप्तरी ती अस्तित्वातच नव्हती. जे आक्षेप बँकेपर्यंत गेले त्यांचीही पोच मुदतीत देणे, चौकशी पुरी करून निकाल कळविणे ह्यांत हयगय झाली. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने अशा आक्षेपाची पोच तीस दिवसांत देणे आणि निकाल जास्तीत जास्त नव्वद दिवसांत लावणे बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना वादग्रस्त रकमेसाठी ग्राहकाला थकबाकीदार ठरविता येत नाही. प्रत्यक्षात, ज्या खर्चाशी आपला संबंध नाही असे लोक म्हणत होते त्या खर्चाचा बोजा त्यांच्यावर पडला आणि काहींची बाजारातील पतही खालावली.

ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरो ह्या संघीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या आदेशात हा सारा तपशील आहे. बँकेला साडेचार कोटी डॉलर दंड आणि ग्राहकांच्या भरपाईपोटी सुमारे दोन कोटी, तर कंपनीला अडीच कोटी डॉलर दंड झाला. आपल्या वर्तनाचे ब्युरोने केलेले वर्णन अमान्य असल्याचे कंपनीने सांगितले. पण तडजोड मान्य केली. आदेशातील आणखी एक बाब अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक बोलकी वाटेल. आक्षेप हाताळण्याची व्यवस्था पुरती सज्ज नाही, हे बँकेच्या संचालक मंडळाला कार्ड बाजारात येण्याच्या चार दिवस आधी कळले होते. तरीही कार्ड आले, कारण बँकेमुळे विलंब झाल्यास दर नव्वद दिवसांमागे अडीच कोटी डॉलर भरपाई मागण्याचा हक्क करारानेच कंपनीला दिलेला होता. उशीर केल्यास द्यावयाच्या रकमेचा आकडा आधीच ठरलेला होता. तक्रार गहाळ झाल्यास द्यावयाच्या रकमेचा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. ह्या दोहोंपैकी कशाची चिंता आधी केली जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. (पुढे कंपनीला झालेला दंडही नेमका अडीच कोटींचाच निघावा, हा योगायोग मासलेवाईक आहे.)

मग पाहणीतले समाधान खोटे होते काय? नाही. समाधानाची पाहणी सर्व ग्राहकांची सरासरी काढते आणि बहुसंख्य ग्राहकांवर बिलाबाबत भांडण्याची वेळच येत नाही. ज्यांच्या घराला कधी आग लागली नाही अशा लोकांना अग्निशामक दलाविषयी मत विचारले तर ते चांगलेच मत देतील. त्या मतावरून बंबात पाणी आहे की नाही हे कळत नाही. कार्ड टायटॅनियमचे आहे, त्यावर क्रमांक छापलेला नाही, खर्चाचा हिशेब फोनवर रंगीत दिसतो, ह्या गोष्टी रोज दिसतात आणि त्यांवर मत बनते. चामड्याच्या पाकिटात किंवा जीनच्या खिशात ठेवल्यास कार्डाचा रंग कायमचा बिघडू शकेल, असा सल्ला कंपनीने २०१९ मध्ये दिला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. डागाची बातमी झाली. गहाळ झालेल्या तक्रारींचा पत्ता लागायला मात्र पाच वर्षे आणि एक सरकारी चौकशी लागली.

हप्त्यांची गोष्टही अशीच आहे. कंपनीच्या वस्तू तिच्याच कार्डावर घेतल्या म्हणजे बिनव्याजी हप्ते आपोआप लागू होतात, असा समज पुष्कळांचा झाला, आणि जाहिरातीचा रोख पाहता तो होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो पर्याय खरेदीच्या वेळी वेगळा निवडावा लागे, आणि काही ब्राउझरांवर तो दिसतच नसे. फोन बिनव्याजी घेतला म्हणून निर्धास्त असलेल्यांच्या बिलात व्याज आले.

आल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असंतुष्ट ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले होते: एक, निघून जाणे, दुसरा, आवाज उठविणे. निष्ठा असली तर ग्राहक लगेच निघून जात नाही, थांबून बोलतो, आणि त्या बोलण्याने संस्थेला सुधारण्याची संधी मिळते. मात्र हे कार्ड मिळविण्यासाठीच कंपनीचे यंत्र हाती असावे लागे. फोन, त्याचे हप्ते, कार्ड आणि कालांतराने बचत खातेही एकाच गाठीत बांधले गेले. निघून जाणे महाग झाले. उरला आवाज, आणि तो ज्या नळीतून जायचा ती मध्येच बंद होती.

आवाज सर्वांचाच बंद होता असेही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका नामांकित संगणक-प्रणालीकाराने जाहीर तक्रार केली की, पत्नीची पत चांगली असूनही तिच्यापेक्षा आपल्याला वीस पट अधिक मर्यादा मिळाली. कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक ह्यांनीही तसाच अनुभव सांगितला. गवगवा होताच पत्नीची मर्यादा तातडीने वाढविण्यात आली. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने सुमारे चार लाख अर्जदारांची माहिती तपासून मार्च २०२१ मध्ये निष्कर्ष दिला की, कायद्याचा भंग करणारा भेदभाव आढळला नाही. दोष होता तो ग्राहकसेवेतील आणि पारदर्शकतेतील उणिवांचा. ज्याच्यामागे हजारो वाचक आहेत त्याच्या शंकेची राज्य शासनाकडून शहानिशा झाली, हे योग्यच झाले. पण ज्याच्यामागे कोणी नाही त्याने दुसरा अर्ज भरला नव्हता.

कंपनीच्या मालाबाबतही ह्यापूर्वी असेच घडले होते. जुने आयफोन मंदावतात अशी कुजबुज वर्षानुवर्षे होती. मनाचे खेळ म्हणून ती उडवून लावली जाई. डिसेंबर २०१७ मध्ये यंत्रांच्या वेगाची मोजमापे प्रसिद्ध झाली, तेव्हा कंपनीने कबूल केले की, बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेगाला लगाम घातला जातो. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. ते ग्राहकाला आधी सांगितले असते तर त्याने नवा फोन घेण्याऐवजी नवी बॅटरी घेतली असती. पुढे ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला मिळू लागली, आणि २०२० मध्ये पन्नास कोटी डॉलरपर्यंतच्या भरपाईची तडजोड झाली, दोष मान्य न करता.

गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे प्रथम ऐकतो तो दुकानातील कामगार. त्याचे तरी कोण ऐकत होते? मेरीलँडमधील टॉसन येथील कर्मचाऱ्यांनी जून २०२२ मध्ये मतदानाने संघटना स्थापन केली, कंपनीच्या अमेरिकेतील दुकानांत पहिलीच. पहिला करार हाती पडायला २०२४ उजाडले.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ह्याच कंपनीची दुकाने उघडली. कार्ड इकडे आलेले नाही. पण फोन हप्त्यांनी घेण्याची रीत चांगलीच रुळली आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावले होते. त्यानंतर पाट्यांवरचे शब्द बदलले.

अमेरिकेतील त्या ब्युरोची स्थापना २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २०१० च्या कायद्याने झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने तिचे बहुतेक काम थांबविण्याचा आदेश काढला. कर्मचारी-कपात आणि तिच्याविरुद्धचे न्यायालयीन दावे त्यामागोमाग आले. जानेवारी २०२६ मध्ये ॲपलचे कार्ड गोल्डमन सॅक्सकडून जेपी मॉर्गन चेस ह्या बँकेकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. ह्या हस्तांतराला सुमारे दोन वर्षे लागतील असे सांगण्यात आले आहे. ह्या दोन वर्षांत ग्राहकाने दाबलेले बटन नेमके कोणत्या टेबलावर वाजते, हे तपासण्याचे काम ज्या कचेरीचे होते, तिची ही स्थिती आहे.