तळटीपेत राहिलेला निकाल

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्यानुसार धनादेशावरील रक्कम निश्चित असावी लागते. 'योग्य वाटेल तेवढी रक्कम द्यावी' असे लिहिलेला कागद कोणतीही बँक धनादेश म्हणून स्वीकारणार नाही. रक्कम दोनशे रुपयांची असली तरी कायद्याला तेथे संदिग्धता चालत नाही. मात्र याच देशात साडेपाच वर्षे एक असे कलम अंमलात होते, ज्यात 'वैताग' आणि 'गैरसोय' अशा शब्दांच्या आधारे नागरिकाला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता.

हे कलम म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ. ते मूळ २००० सालच्या कायद्यात नव्हते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबरमध्ये, संसदेने फारशी चर्चा न करता दुरुस्ती विधेयक संमत केले, आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती दुरुस्ती लागू झाली. संगणक किंवा मोबाइलद्वारे 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठविणे हा गुन्हा ठरला. आक्षेपार्ह कोणाच्या दृष्टीने, याचे उत्तर कायद्यात नव्हते. ते ठाण्यातील अधिकाऱ्याने ठरवायचे. गुन्हा दखलपात्र असल्याने वॉरंटाचीही गरज नव्हती.

याचा अर्थ महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१२ मध्ये कळला. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसर बंद राहिला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तेथील एका तरुणीने, असा बंद कशासाठी, या आशयाचे चार शब्द फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. त्यांपैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरील गुन्हाही मागे पडला. पण अंगठा वर केलेले एक चित्र दाबल्याबद्दल कोणाच्या घरातील मुलीला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, ही गोष्ट त्या निलंबनाने पुसली जाण्यासारखी नव्हती.

या अटकेने अस्वस्थ होऊन कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' या नावाने ओळखला जाणारा निकाल २४ मार्च २०१५ रोजी लागला. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने कलम ६६ अ संपूर्णपणे रद्द केले. निकालातील युक्तिवाद साध्या शब्दांत असा आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही एक गोष्ट, एखाद्या मताचा पुरस्कार करणे ही दुसरी, आणि चिथावणी देणे ही तिसरी. पहिल्या दोन, ऐकणाऱ्यास कितीही कटू वाटल्या तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच मोडतात. निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर येतो. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधाची कारणे मोजून दिली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, सभ्यता ही त्यांपैकी काही. त्यांत 'वैताग' कोठेही नाही.

त्याच निकालात न्यायालयाने संकेतस्थळे बंद करण्याचा शासनाचा अधिकार, कलम ६९ अ, कायम ठेवला. त्यामुळे निर्बंधच नकोत असा त्या निकालाचा अर्थ काढणे चुकीचे आहे. अश्लील मजकूर, कोणाच्या खासगी छायाचित्रांचा प्रसार, दुसऱ्याच्या नावाने फसवणूक यांसाठीची कलमे आजही आहेत, आणि ती असावयास हवीत. ज्या घरातील मुलीचे छायाचित्र विकृत करून पसरविले जाते, त्या घराला स्वातंत्र्याचे व्याख्यान नको असते. तत्पर पोलीस हवे असतात.

खरी कथा मात्र निकालानंतरची आहे. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले. २०२१ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेने न्यायालयापुढे मांडलेल्या आकडेवारीनुसार ११ राज्यांत ७४५ प्रकरणे प्रलंबित होती. न्यायमूर्ती नरिमन यांनीच त्यावर आश्चर्य आणि खेद व्यक्त केला. महान्यायवादींनी दिलेले स्पष्टीकरण मासलेवाईक होते. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम पूर्वीसारखेच आहे. ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळाशी, तळटीपेत आहे. रद्द झालेले परिपत्रक फाइलमधून काढले नाही, तर एखादा कारकून दहा वर्षांनीही त्यावर बोट ठेवून काम अडवितो. येथे मात्र अडत होती ती माणसांची मोकळीक. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश लळित यांच्या पीठाला, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असा आदेश पुन्हा द्यावा लागला.

संदिग्ध शब्दांचा मोह शासनाला त्यानंतरही सुटला नाही. एप्रिल २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा 'खोटा किंवा दिशाभूल करणारा' मजकूर कोणता, हे ठरविण्यासाठी शासनाचाच तथ्य तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद झाली. वादातील एक पक्षच पंच. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरोधी पडली. प्रकरण न्यायमूर्ती चांदूरकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. शब्दांची संदिग्धता हे त्यामागील एक कारण होते.

कुटुंबाचे आणि सोसायटीचे व्हॉट्सॲप गट चालविणाऱ्यांना एक निकाल अधिक जवळचा वाटेल. गटातील सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, म्हणून गटप्रमुखावर गुन्हा दाखल झाल्याचे गोंदिया जिल्ह्यातील प्रकरण नागपूर खंडपीठापुढे आले. सदस्यांना घेणे आणि काढणे एवढाच गटप्रमुखाचा अधिकार. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. दोघांचा समान हेतू दिसत नसेल, तर दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आणि गटप्रमुखावरील गुन्हा रद्द केला. लिहिणाऱ्या सदस्याला मात्र हा निकाल कोणतेही संरक्षण देत नाही.