शिफ्ट बदलली, घराचं काय?

माझी एक मैत्रीण सूतगिरणीत कामाला आहे. परवा फळ्यावर नोटीस लागली, उद्यापासून दुपारची शिफ्ट! रात्री अकराला सुटल्यावर एसटी नाही, शाळेतून आलेल्या लेकीजवळ कोणी नाही. ‘‘ताई, आधी सांगायचं तरी!’’ ती रडवेली झाली.

कायदा तेच सांगतो. स्थायी आदेशांत नसलेला शिफ्टबदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस हवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय त्याच वर्षीच्या कामगार सुरक्षा संहितेनुसार संध्याकाळी सातनंतर बाईला कामावर ठेवायला तिची संमती लागते.

चौकशी केली तर कळलं, युनियननं करारावर सही केली होती. करार झाला की २१ दिवसांची अट उरत नाही. खरी मेख इथंच आहे. मालकाला ऑर्डर पुरी करायचीय, मान्य. पण बैठकीत एकही बाई नसेल, तर एसटीची वेळ मांडणार कोण? ‘पुरुष बघून घेतील’ म्हणत आपणच घरी पळतो ना?

मैत्रिणींनो, एक दिवस भाजी उशिरा फोडणीला पडू दे. पुढच्या बैठकीला ती चौघींना घेऊन निघालीय. तुम्हीही जा.